वाणात गेलेलं चुनाळं

यंदाच्या हिवाळ्यात आपण घराबाहेर पाऊल टाकणार नाही, असं व्यंकटरावांनी दिवाळीतच जाहीर करून टाकलं होतं. पाटबंधारे खात्यात उभं आयुष्य कालव्यांच्या कडेनं धूळ खाण्यात गेलं. आता निवृत्तीनंतर तरी माणसानं माणसासारखं जगावं की नाही? गारखेड्यातल्या त्यांच्या फ्लॅटला पूर्वेकडं एक बंद गॅलरी होती, सकाळचं ऊन थेट आत यायचं. तिथं आरामखुर्ची, गुडघ्यावर शाल, हाताशी चहा, मांडीवर पुस्तक आणि शेजारी आपला जुन्या वस्तूंचा संग्रह. बस्स, आणखी काय पाहिजे! औरंगपुऱ्यातून त्यांनी निजामाच्या अमदानीवरचा एक ग्रंथ मुद्दाम आणला होता. उशाला घेतला तर मान अवघडावी, एवढा जाड. "रथसप्तमीच्या आत हा संपवला नाही तर बापाचं नाव लावणार नाही," असं त्यांनी सुनेला, वैदेहीला, ठणकावून सांगितलं.

संग्रह म्हणाल तर सगळा छोट्या छोट्या पितळी वस्तूंचा. अत्तरदाण्या, सुपारीच्या डब्या आणि पानाचा चुना ठेवायची चुनाळी. जुन्या बाजारात पोत्यावर मांडलेल्या भंगारातून त्यांनी एकेक वस्तू हुडकून आणली होती आणि कपाटात कुलपाआड ठेवली होती. त्यातही जीव की प्राण म्हणजे एक चुनाळं. आंब्याच्या कैरीसारखं, झाकणावर मोर, आत दोन कप्पे. ते कुण्या जहागीरदाराचं असणार, एका कप्प्यात चुना आणि दुसऱ्यात कात, अशी व्यंकटरावांची ठाम समजूत होती. त्यांच्या बायकोनं, अनसूयाबाईंनी, ते पहिल्याच दिवशी पाहून "अहो, ही तर कोयरी आहे, हळदीकुंकवाची" असं म्हटलं, तेव्हा त्यांनी हात झटकला. तुम्हा बायकांना कुंकवापलीकडं काही दिसतच नाही, म्हणाले. हे चुनाळं त्यांना सोयगावात मिळालं होतं. घरी स्वयंपाकाला येणाऱ्या पारूबाईंच्या मुलीच्या लग्नाला ते चार वर्षांपूर्वी एकटेच गेले होते आणि पारूबाईंच्या भावानं, कडुबानं, ते त्यांना खुशीनं दिलं. खुशीत नेमकं काय काय घडलं, ते त्या दोघांनाच ठाऊक.

आता संक्रांत आली. व्यंकटरावांनी विचार केला की संग्रह कपाटातून काढून एकदाचा गॅलरीत न्यावा. प्रत्येक वस्तू वर्तमानपत्रात गुंडाळली, पण ठेवायची कशात? पलंगाखाली एक दणकट खोका दिसला. त्यात अनसूयाबाईंनी हळदीकुंकवाला लुटायला आणलेले नवेकोरे करंडे होते. एवढ्याशा करंड्यांना एवढा मजबूत खोका? ही उधळपट्टी त्यांना सहन झाली नाही. त्यांनी करंडे कापडी पिशवीत ओतले, पिशवी दारामागच्या खुंटीला अडकवली आणि आपला संग्रह खोक्यात भरला. तेवढ्यात चहा आला. चहानंतर थंडी वाजली. खोका पुन्हा पलंगाखाली गेला, उद्या बघू म्हणून.

हळदीकुंकवाच्या दिवशी घर बायकांनी फुलून गेलं. व्यंकटराव ग्रंथ घेऊन गॅलरीत, दार बंद. मला कुणी हाक मारायची नाही, अशी तंबी त्यांनी आधीच देऊन ठेवली होती. ग्रंथात नेमकी खजिन्याची हकीकत रंगात आली होती आणि दारावर टकटक झाली. वाणाचा खोका सापडत नाही, असं वैदेही बाहेरून म्हणाली.

"पलंगाखाली बघ. दुकानाचं नाव आहे त्याच्यावर," व्यंकटराव मान वर न करता बोलले.

मिनिटभरात ती पुन्हा आली. सगळं कागदात गुंडाळलेलं आहे, सोडू का म्हणून विचारू लागली. आता मात्र त्यांचं डोकं फिरलं.

"अगं, कागदासकट वाटून टाका. पण मला वाचू द्या!"

वाटून टाकलं. सून गुणी हो, सांगितलेलं ऐकते.

बायका गेल्यावर उरलासुरला ढोकळा खायला व्यंकटराव बाहेर आले, तर हॉलच्या मधोमध तो खोका पालथा पडलेला. तो पाहून त्यांच्या घशात ढोकळा अडकला. खोका उचलला, झटकला, आत वाकून पाहिलं, पण त्यातून वर्तमानपत्राचा एक तुकडा तेवढा खाली पडला. मग जे काही झालं ते समोरच्या इमारतीतसुद्धा ऐकू गेलं. या घरात माणसाला किंमत नाही. माणसाच्या छंदाला किंमत नाही. दिवसाढवळ्या, हळदीकुंकू लावून, अत्तर शिंपडून दरोडा घातला गेला आणि चोरांना वर तिळगूळ! वैदेही हळूच म्हणाली की बाबा, तुम्हीच सांगितलंत. त्यावर त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला, कारण ते खरं होतं.

ते पायात चपला सरकवून निघाले. "आत्ता जातो आणि एकेकीकडून परत घेऊन येतो."

अनसूयाबाई दारात आडव्या उभ्या राहिल्या. "खबरदार. सवाष्णीला दिलेलं वाण परत मागत नसतात. माझ्या तोंडाला काळं फासायचं असेल तर जा खुशाल."

त्या रात्री दोघंही जेवले नाहीत, म्हणजे व्यंकटराव जेवले नाहीत आणि अनसूयाबाईंना त्यांच्याशिवाय जेवायची सवय नव्हती. ज्या माणसाला स्वतःच्याच वस्तू मागता येत नाहीत त्यानं जगायचं तरी कशाला, असं ते गॅलरीत बसून ग्रंथाला सांगत होते. ग्रंथ खजिन्याच्याच पानावर उघडा होता.

सकाळी मात्र वारं फिरलं. वरच्या मजल्यावरची मोनिका वैदेहीच्या कानाशी लागली. इमारतीत कुजबुज होती म्हणे की अनसूयाकाकूंनी यंदा माळा आवरला आणि गंजकी भांडी वाण म्हणून खपवली. हे ऐकताच अनसूयाबाईंचा चेहरा लालबुंद झाला. आजवर त्यांच्या वाणाचं गल्लीभर नाव होतं. त्यांनी खुंटीवरची पिशवी काढली आणि नवऱ्याच्या हातात ठेवली.

"घरोघर जा. चुकून दुसरं गेलं म्हणा आणि नवा करंडा द्या. जुनं कुणी आपणहून दिलं तर घ्या. पण तोंडानं मागायचं नाही. एकीकडंही नाही."

झालं. ज्या माणसानं हिवाळाभर उंबरा न ओलांडायचा पण केला होता, तो कडाक्याच्या थंडीत दारोदार करंडे वाटत निघाला. अंगात जुना स्वेटर, कोपरावर विरलेला. एक उत्तम लोकरी कोट होता त्यांच्याकडं, तपकिरी, अनसूयाबाईंनी स्वतः कापड निवडून आणि चामड्याची बटणं लावून शिवून घेतलेला. पण तो कोपऱ्यावरच्या लाँड्रीवाल्यानं हरवला होता. त्या दिवसापासून या घरातला रुमालसुद्धा त्या लाँड्रीत गेला नव्हता. कोटाचा विषय निघाला की व्यंकटराव जरा जास्तच तापत, त्यामुळं घरात कुणी तो काढत नसे.

मोनिकाकडं त्यांनी करंडा दिला, तिळगूळ घेतला आणि आढ्याकडं बघत बसून राहिले. तोंडानं मागायचं नाही ना! चहा झाला. हवापाण्याच्या गप्पा झाल्या. तेवढ्यात मोनिकाच उठली आणि त्यांची अत्तरदाणी घेऊन आली. बरं झालं काका, मी उद्या कचऱ्यातच टाकणार होते, म्हणाली. वस्तू मिळाल्याचा आनंद मानावा की कचरा म्हटल्याबद्दल भांडावं, हे व्यंकटरावांना ठरवता येईना. खालच्या रूपाकडं याहून वाईट. तिनं सुपारीची डबी चिंच लावून घासूनपुसून लख्ख केली होती आणि काकांनी शाबासकी द्यावी म्हणून उन्हात धरून दाखवत होती. शंभर वर्षांचा काळसर रंग मोरीत वाहून गेलेला. व्यंकटरावांनी "छान" म्हटलं आणि जिन्यात येऊन डोळे पुसले.

पण खरं दुःख वेगळंच होतं. एकीनंही हातची वस्तू सोडताना कांकू केलं नाही. उलट सगळ्यांनी सुटलो एकदाच्या, अशा चेहऱ्यानं परत केल्या. त्यांच्या संग्रहाची ही लायकी! घरी येऊन त्यांनी हे अनसूयाबाईंना तणतणत सांगितलं, तर त्या म्हणाल्या, मी इतकी वर्षं काय सांगत होते?

चार दिवसांत सगळं परत आलं. आलं नाही ते फक्त चुनाळं.

वैदेहीनं डोकं खाजवलं, बोटांवर नावं मोजली आणि मग तिला आठवलं. सगळं आवरल्यावर खोक्यात एकच पुडी उरली होती, ती तिनं घरी निघालेल्या पारूबाईंना दिली. पारूबाईंनी कागद उघडून पाहिला, पुडी कपाळाला लावली आणि पदरात बांधून घेतली. आणि दुसऱ्या दिवशी सुट्टी घेऊन सोयगावला भावाकडं गेल्या.

सोयगाव ऐकताच व्यंकटरावांचा चेहरा पडला. अनसूयाबाई म्हणाल्या, मीही येते. तुमच्या तोंडाचा भरवसा नाही.

एसटीनं सिल्लोड ओलांडलं तसा वारा खिडकीतून बोचायला लागला. व्यंकटराव स्वेटरात आखडून बसले होते, पण मनातल्या मनात भाषण तयार करत होते. मागायचं नाही, कबूल. पण त्या चुनाळ्याचं ऐतिहासिक महत्त्व सांगायला कुणाची बंदी आहे? जहागीरदार, पानदान, निजामाचा दरबार असं रंगवून सांगितलं की समोरचा माणूस लाजून स्वतःच पुढं करील. नाहीतरी त्या खेड्यातल्या माणसांना त्याचा उपयोग काय!

कडुबाचं घर गावाच्या कडेला, कपाशीच्या वाळक्या पराट्यांच्या ढिगाशेजारी. पारूबाईंनी त्यांना ओट्यावर घोंगडीवर बसवलं. कडुबाची बायको चंपाबाई लगबगीनं बाहेर आली आणि तिनं अनसूयाबाईंना कुंकू लावायला हात पुढं केला. हातात व्यंकटरावांचं चुनाळं. एका कप्प्यात हळद, दुसऱ्यात कुंकू, जणू जन्मापासून तिथंच होतं.

"ही बगा बाई, माज्या मायची कोयरी," चंपाबाई म्हणाली. "लगनात दिलती मला. पारूच्या पोरीच्या लग्नाच्या गर्दीत कुन्या मेल्यानं उचलली. चार सालं झाली, लई रडले मी. ह्यांनी सारं गाव हुडकलं. आन् आवंदा पारूला तुमच्या वाणात गावली. तुमी दुकानातून घेतली आसल, तुमची काय चूक नाय. पर ज्यानं नेली त्याचे हात झडून जावोत."

व्यंकटरावांनी चहाची बशी खाली ठेवली आणि दोन्ही हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले. जहागीरदार, पानदान, दरबार, सगळं भाषण घशातच राहिलं. अनसूयाबाईंनी एकदा कोयरीकडं पाहिलं आणि एकदा त्यांच्याकडं. सारं गाव हुडकणारा कडुबा भिंतीला टेकून उन्हात बसला होता आणि पायाच्या अंगठ्याकडं टक लावून बघत होता. अंगात तपकिरी लोकरी कोट, गळ्यापर्यंत बटणं लावलेला. चामड्याची.

"आन् हे तुमचे मालक," चंपाबाईचं अजून संपलं नव्हतं, "हा तर देवमाणूस. त्याच लग्नात आमच्या ह्यांना हुडहुडी भरली, तर अंगातला कोट काढून दिला ना माय. आजकाल कोन देतं वो?"

कडुबानं हळूच कॉलर वर करून त्यात हनुवटी लपवली. पारूबाईंना आत काहीतरी करपल्याचा वास आला आणि त्या उठून गेल्या, चुलीवर काही नसताना.

"तुमी कशापायी एवढ्या लांब आलात, सायेब?" चंपाबाईनं विचारलं.

व्यंकटरावांनी पिशवीत हात घातला. ग्रंथाखाली, तळाशी, एकच करंडा उरला होता. तो त्यांनी दोन्ही हातांनी पुढं केला.

"हे द्यायला," ते म्हणाले. "वाण."

चंपाबाईनं तो डोळ्यांना लावला आणि कोयरीच्या शेजारी ठेवला. कोयरी मात्र तिनं कमरेच्या पिशवीत खोवली, ती पुन्हा काही बाहेर आली नाही.

परतीच्या एसटीत व्यंकटराव दातांवर दात आपटत बसले होते. अनसूयाबाईंनी खिडकी बंद केली, तीही स्वतःच्या बाजूची, आणि डोळे मिटून घेतले. व्यंकटरावांना वाटलं, सुटलो. थंडी आहे, दमलीय, झोपली असेल. त्यांनी पिशवीतून ग्रंथ काढला आणि खजिन्याचं पान उघडलं.

"उद्या सकाळी," अनसूयाबाई डोळे मिटूनच म्हणाल्या, "कपड्यांचं गाठोडं घ्यायचं आणि आधी कोपऱ्यावरच्या लाँड्रीत जायचं."

"बरं," व्यंकटराव पुटपुटले.

"वाण तोंडानं मागत नसतात. माफी मात्र तोंडानंच मागायची."