कोरा स्वॅब

रविवारी सकाळी सासूबाईंनी कोंबडीचे तुकडे नळाखाली धरले, पाण्याचा जोर वाढवला आणि सुनेने हातातला चहाचा कप खाली ठेवला. सून अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरीला. कोंबडीतले जंतू शोधणं हे तिचं आठ वर्षांचं काम. पण घरात तिच्या ज्ञानाला कोणी हिंग लावूनही विचारत नव्हतं, आणि ते तिला मनापासून लागत असे.

"आई, धुऊ नका. शिंतोडे उडून जंतू ओटाभर पसरतात. शिजवलं की मरतातच ते."

"तीस वर्षं धुतेय. कोण आजारी पडलं, नाव सांग."

सून तडक पुढे झाली, राहिलेले तुकडे पिशवीतून काढून तिने पातेल्यात टाकले. "हे असं. पिशवीतून थेट पातेल्यात."

"एवढी खात्री आहे तर तपासून दाखव," सासूबाई म्हणाल्या. "ओट्यावर काही सापडलं तर माझं धुणं बंद. नाही सापडलं तर तुझं प्रवचन बंद."

नवरा अलगद वर्तमानपत्रामागे गेला. सुनेच्या बॅगेत स्वॅबची पाकिटं असतच. काडीला गुंडाळलेला निर्जंतुक कापूस, दुसरं काही नाही. ती पाकीट फोडणार तोच सासूबाई म्हणाल्या, "थांब, ओटा घासून घेते."

"मग काय सापडणार, आई?"

"रोज घासते. आजच का नको?"

सासूबाईंनी साबण आणि उकळतं पाणी घेऊन ओटा, नळ, सुरी आणि फळी लखलखीत केली. सुनेने चारही ठिकाणी एकेक स्वॅब फिरवला. पाचवा नियमाप्रमाणे कोरा ठेवला, म्हणजे पाकिटातून काढून कशालाच न लावता बाटलीत बंद केला. आपलं साहित्य आणि आपले हात स्वच्छ होते, याचा तो दाखला.

प्रयोगशाळेतल्या साहेबांनी तपासणीला परवानगी दिली. सोमवारी स्वॅब पोषक द्रवात घालून उबेच्या कपाटात गेले, मंगळवारी दुसऱ्या द्रवात, बुधवारी जंतू वाढवायच्या लाल प्लेटवर. कोंबडीतला साल्मोनेला हा जंतू असेल तर लालावर काळे ठिपके उठतात. गुरुवारी तिने कपाट उघडलं. ओटा साफ, नळ साफ, सुरी साफ, फळीही साफ. तिचं तोंड एवढंसं झालं. मग तिने पाचवी प्लेट पाहिली. ती काळ्या ठिपक्यांनी भरली होती.

"कोऱ्यात आले म्हणजे जंतू आपल्याच खोलीतले," साहेब म्हणाले आणि त्यांनी आठवड्याचे सगळे अहवाल रोखले. कपाट धुतलं, टेबलं पुसली, तिथल्या चौघा कर्मचाऱ्यांच्या हातांचे स्वॅब घेतले. साहेबांनी स्वतःच्या चष्म्याचाही घेतला. अहवाल अडकलेल्या कोंबड्यांच्या कंपनीचा मॅनेजर तासातासाला फोन करत होता. चार दिवसांनी सगळं स्वच्छ निघालं, तेव्हा साहेब तिच्यासमोर येऊन बसले.

"घरी तो कोरा स्वॅब कोणी काढला?"

"मी."

"त्याआधी हात कशाला लावला होता?"

सुनेने आपल्या बोटांकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "कोंबडीला."

"हात धुतले होते?"

"पुसले होते. आणि कोरा बाटलीत घालताना कापसाला बोट लागलं होतं."

साहेबांनी रजिस्टरात लाल शाईने लिहिलं: तपासणी रद्द. कारण: तपासनीस.

घरी जाताना तिला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं होतं. 'तपासणी रद्द झाली, कोणी जिंकलं नाही' एवढं सांगितलं तरी खोटं ठरलं नसतं. पण आठ वर्षांत अर्धवट अहवाल तिने कधी दिला नव्हता. तिने रजिस्टरातल्या लाल शाईसकट सगळं सांगून टाकलं.

सासूबाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. "म्हणजे कोंबडीत जंतू होते."

"होते."

"आणि नुसत्या हात लावण्याने इतके पसरले?"

"हो, आई."

"मग तुझंच खरं. धुणं बंद."

या घरात पहिल्यांदा तिचं म्हणणं कोणी मानलं होतं.

पुढच्या रविवारी ती हसतमुखाने स्वयंपाकघरात निघाली. दारातच स्टूल आडवं ठेवलेलं होतं आणि पलीकडे सासूबाई कोंबडीची पिशवी घेऊन उभ्या होत्या.

"तिथेच थांब."

"हात धुतलेत, आई. साबणाने."

"असतील. पण तुझ्या साहेबांनी लेखी दिलंय, मी कशाला धोका पत्करू? काय करायचं ते तू तोंडाने सांग. हात मी लावते."

सून स्टुलाच्या अलीकडे उभी राहून एकेक गोष्ट सांगत गेली, आणि सासूबाई एक शब्दही न वगळता तसंच करत राहिल्या.