स्वयंपाकघर कॅन्ससात, बैठक नेब्रास्कात

"आज म्हटलं ह्यांना बैठकीत सोफ्यावर बसवावं," पडद्यावरून अर्लीनबाई म्हणाल्या. "तेवढीच नेब्रास्काची हवा!"

कॉरीनच्या हातातलं चित्राचं कार्ड हातातच राहिलं. वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून परवाना मिळून तिला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि तोही फक्त कॅन्सस राज्याचा. पक्षाघाताच्या झटक्यानं वाचा गेलेल्या ऑर्व्हिलकाकांना ती लॅपटॉपवरून पुन्हा बोलायला शिकवत होती. कायदा सरळ होता: रुग्ण ज्या राज्यात बसलाय, त्या राज्याचा परवाना हवा.

"नेब्रास्का? परगावी गेलात की काय?"

"छे गं! घरीच आहोत. आमचं स्वयंपाकघर कॅन्ससात आणि बैठक नेब्रास्कात; दोन राज्यांमधली रेघ मधल्या उंबऱ्यावरूनच जाते. लग्न होऊन आले त्याच दिवशी ह्यांनी मला उंबऱ्यात उभं करून सांगितलं."

काका छताकडे बघत होते. कॉरीन घाईघाईनं म्हणाली, "अर्लीनबाई, त्यांना आधी कॅन्ससात आणा! लगेच!"

"अगं, पण स्वयंपाकघरात कालपासून इंटरनेट येत नाही."

शिकवणी तिथंच थांबली. कॉरीननं परवाना कार्यालयात फोन लावला. तिथल्या बाईंनी सगळं शांतपणे ऐकलं.

"रुग्णाला उंबऱ्यात बसवलं तर?" कॉरीननं विचारलं.

"उंबरा कुठल्या राज्यात येतो?"

"मध्ये येतो."

पलीकडे नियमांची पानं उलटल्याचा आवाज आला. मग बाई म्हणाल्या, "हे बघा, उपचार बोलण्याचा आहे ना? मग तोंड कॅन्ससात पाहिजे."

"आणि कान?"

"कानांचं आमच्याकडे नसतं. श्रवणतज्ज्ञांच्या टेबलाला जोडून देते."

त्या टेबलावरचे गृहस्थ ठामपणे म्हणाले, "कान नेब्रास्कात असतील तर ते आमच्या हद्दीत येत नाहीत," आणि त्यांनी फोन ठेवून दिला.

कॉरीन आणखीनच चक्रावली. परवाना गेला तर नोकरी गेली, आणि शिकवणी थांबवली तर काकांची वाचा गेली. शेवटी ती स्वतःच गाडी काढून त्यांच्या शेतावरच्या घरी गेली. अर्लीनबाईंनी उंबऱ्यावर निळी चिकटपट्टी लावली. पट्टीच्या अलीकडे, स्वयंपाकघरात काकांची खुर्ची. पलीकडे, बैठकीत स्टुलावर लॅपटॉप. सगळं मनासारखं लागल्यावर कॉरीन परतली.

पुढची शिकवणी सुरू झाली. कॉरीननं पडद्यावर गायीचं चित्र धरलं. काकांना नीट दिसेना, म्हणून ते पुढे वाकले.

"मागे! काका, नाक नेब्रास्कात गेलं!"

काका मागे सरले. "गा..." म्हणता म्हणता पुन्हा वाकले.

"अहो, मागे व्हा!" आता अर्लीनबाईही ओरडल्या. "त्या पोरीची नोकरी घालवता का?" आणि त्यांनी मागून काकांच्या पँटचे गॅलिस धरून ठेवले, बैलाची वेसण धरावी तसे. कॉफीचा पेला बैठकीत राहिला होता. काकांनी त्याला हात घातला, तशा दोघी एकदम किंचाळल्या.

काका लालबुंद झाले. त्यांनी गॅलिस सोडवून घेतले, टेकत टेकत उभं राहून बूट थेट पट्टीवर आपटला.

"घर... सगळं... कॅन्ससातच आहे! रेघ... पार तिकडे... ओढ्यापाशी!"

 मग कॉरीननं टाळ्या पिटल्या. "काका! अख्खं वाक्य बोललात! परवान्याचंही मिटलं! पण मग तुम्ही बैठक नेब्रास्कात आहे असं का सांगितलंत?"

वाचेचं दार उघडलंच होतं, काकांना ते पुन्हा लोटून घेता येईना. "फुटबॉल," ते म्हणाले. "ही... कॅन्ससची. मी... नेब्रास्कावाला. हिच्या बापाची अट होती... कॅन्ससात कॅन्ससच्याच संघाला... टाळ्या वाजवायच्या. म्हणून म्हटलं... टीव्हीची खोली... नेब्रास्कात."

अर्लीनबाईंनी सावकाश वाकून पट्टी सोलून काढली. तिचा बोळा करून मुठीत धरला.

"म्हणजे," त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "इतकी वर्षं दर शनिवारच्या सामन्याला माझ्या राज्यात, माझ्या सोफ्यावर बसून, माझ्या हातचे सँडविच खात तुम्ही..."

"काका, थांबू नका!" कॉरीन आनंदानं ओरडली. "फार छान चाललंय! बोला, अजून काहीतरी बोला!"

ऑर्व्हिलकाकांनी बायकोकडे पाहिलं, गळ्याला हात लावला आणि केविलवाण्या चेहऱ्यानं मान हलवली. त्यांची वाचा पुन्हा गेली होती.