काकाजींचे दोन पहारेकरी

आमच्या शेजारचे डोमाजी काकाजी सकाळी कम्प्युटरचं बटण दाबतात आणि दाढी करायला चौकात निघून जातात. परत येईपर्यंत पडद्यावरचं चक्र फिरतच असतं. मग आंघोळ होते, चहा होतो. त्यानंतर कधीतरी कम्प्युटर डोळे उघडतो.

काकाजी वीज खात्यातून निवृत्त झालेले. पांढुर्ण्यात एकटेच राहतात. 'कोणाले नाराज कराचं नाही' हे त्यांचं पालुपद. चौकात दोन न्हावी समोरासमोर बसतात, म्हणून दाढी एकाकडे, कटिंग दुसऱ्याकडे. बाजारात एका बाईकडून वांगी घेतली, की तिच्या शेजारणीकडून सांभार, म्हणजे कोथिंबीर, घेतल्याशिवाय पाय निघत नाही. एकट्या माणसाला सांभार लागतो किती? उरलेल्या जुड्या माझ्या दारात येतात.

मी सौसरच्या शाळेत कम्प्युटर शिकवते. त्यामुळे गल्लीतल्या प्रत्येक बिघाडाची जबाबदारी माझीच, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलंय. परवाच्या रविवारी काकाजी घाईघाईने आले.

"बाई, चाल बरं. माह्या कम्प्युटरात गोटमार सुरू हाय."

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इथे नदीच्या दोन काठांवरून दोन गावं एकमेकांवर दगड मारतात, ती गोटमार; जाऊन पाहिलं तर खरंच तसं होतं. व्हायरस पकडणारे दोन प्रोग्रॅम एकाच वेळी चालू. कुठलीही फाइल उघडली की दोघंही तिच्यावर झडप घालायचे, आणि एकमेकांनाच चोर समजायचे. एकाने तर दुसऱ्याच्या फायली धरून कोंडून ठेवल्या होत्या.

"काकाजी, यातला एक काढून टाकते."

"नाई!" त्यांनी माउसवर हातच ठेवला.

"मग मुलांचा व्हिडिओ कॉल असाच मध्येमध्ये अडकेल."

"अडकून राहिला तं राहू दे. काढू नको."

मी वैतागले. "पण काहून?"

"एक गजूनं टाकून देल्ला, एक मनोजनं. दोघंबी इचारते, बाबा, माहा सुरू हाय ना? कोनाचा काढू, तूच सांग."

गजू इंदूरला, मनोज नागपूरला. मोहगावच्या संत्र्याच्या बगीच्यावरून वाजल्यापासून भाऊ भावाशी बोलत नाही. पोळ्याला एक येतो, तो गेल्याची खात्री करून दुसरा येतो. हे गल्लीला ठाऊक होतं. ते भांडण कम्प्युटरात शिरल्याचं मात्र मला तेव्हाच कळलं, आणि माझा वैताग ओसरला.

"दोन्ही राहतील," मी म्हटलं, "पण एकच सतत पहारा देईल. दुसरा आपण बोलावलं की येऊन तपासेल."

काकाजींनी बराच विचार केला. "गजू मोठा हाय, त्याले पहाऱ्यावर ठेव. मनोजले मी रोज आवाज देत जाईन. त्याले वाईट नाही वाटलं पाह्यजे."

मग मी दोन्ही प्रोग्रॅममध्ये एकमेकांची नावं घातली. हा आपलाच आहे, याला हात लावू नको. कम्प्युटर बंद करून सुरू केला, तर लगेच उघडला.

"आता दाढीले कधी जाऊ?" काकाजी हसले.

तेवढ्यात गजूचा कॉल आला. मागून मनोजचा. प्रश्न दोघांचा तोच, आणि "सुरू हाय, बेटा" हे उत्तरही तेच. चित्र एकदाही अडकलं नाही.

कॉल संपल्यावर काकाजी पडद्याकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, ते तू आता टाकलं ना, हा आपलाच हाय, याले हात लावू नको म्हणून... ते या दोघायच्या फोनात बी टाकता येते का?"

टेबलावर सांभाराची जुडी पडली होती, ती मी ओढून घेतली आणि त्यांच्याजवळ निवडत बसले.