स्वल्प उंचीचा हिमालय

व्यंकटअण्णांच्या मते हिमालय स्वल्प उंच आहे.

'स्वल्प' म्हणजे कानडीत जरासं. बेंगळुरूच्या बसवनगुडीतल्या आम्हा मराठी घरांत हा शब्द कित्येक पिढ्यांपूर्वी शिरला आणि अण्णांच्या तोंडात ठाण मांडून बसला. अण्णांचं भांड्यांचं दुकान आहे. ज्या पातेल्यात मी उघड्या छत्रीसकट उभा मावतो, तेही ते गिऱ्हाइकाला 'स्वल्प मोठं' म्हणून दाखवतात. आमच्या गल्लीत गुलमोहर कोसळून तीन मोटारींचे पापड झाले, तेव्हा अण्णा गॅलरीतून म्हणाले, "स्वल्प फांदी पडली."

असा माणूस आमच्याबरोबर सिक्कीमच्या सहलीला आला, तो बायकोच्या हुकमानं. इंदूअक्कांच्या मनात फार वर्षं होतं, की सतरा हजार फुटांवरच्या त्या पवित्र सरोवराची ओटी भरायची. नदी असो की तळं, पाणी म्हणजे माहेरवाशीण, तिला रिकाम्या हातानं भेटायचं नाही, हा त्यांचा कायदा. पण त्यांचा दमा बघून डॉक्टरांनी साफ नाही सांगितलं. तेव्हा अक्कांनी खण, नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी कापडी पिशवीत बांधली आणि अण्णांना बजावलं, की तुम्ही जा, बघून या, ओटी भरून या. अण्णांनी पहिल्यांदाच वाद न घालता पिशवी उचलली.

पुढचं सगळं मात्र नेहमीप्रमाणे. गरम पाण्याच्या झऱ्याचं पवित्र कुंड लागलं. लोक हात जोडून पाण्यात उतरत होते, अण्णांनी पायाचा अंगठा बुडवला. "स्वल्प कोमट. आमच्या गच्चीवरच्या सोलरचं बरं." धबधबा असा होता, की त्याच्या आवाजानं माझी कवळी हलली. मला कवळी नाही, तरी हलली. अण्णा म्हणाले, यशवंतपूरला पाइप फुटतो तेव्हा स्वल्प असंच दिसतं. पहाटे कांचनगंगा सोन्यासारखी पेटली, अख्खी मंडळी मोबाइल घेऊन धावली, आणि मागून आवाज आला, "स्वल्प पिवळं आहे."

रोज संध्याकाळी ते हॉटेलच्या कोपऱ्यात जाऊन अक्कांना फोन करत आणि तिथंही हीच टकळी. "काय नाही गं, स्वल्प डोंगर." आम्ही म्हणायचो, बिचारी अक्का घरी बसूनही सुटली नाही.

गल्लीच्या मुखत्यार सरोजअक्का एकदा म्हणाल्याच, "अण्णा, तुम्हाला स्वर्गात सोडलं तरी म्हणाल, स्वल्प बरं आहे. आणि ती पिशवी इकडं द्या. पुरुषानं कधी ओटी भरलीय का? मी भरते."

अण्णांनी पिशवी छातीशी धरली. "इंदूनं मला सांगितलंय."

शेवटच्या दिवशी जीपनं सरोवराकडे निघालो. हवा इतकी विरळ, की सरोजअक्का सलग चार मिनिटं गप्प होत्या. अण्णांचे ओठ जांभळासारखे झाले होते. दम लागतोय का, असं मी विचारलं, तर 'स्वल्प' हा एवढासा शब्द त्यांनी तीन हप्त्यांत सांगितला.

वर पोचल्यावर चालकानं नियम सांगितला. पंधरा मिनिटं थांबायचं, पाण्यात काहीही टाकायचं नाही. सरोवर पवित्र आहे, म्हणूनच त्याला हात लावायचा नाही. आमच्याकडे टाकल्याशिवाय पुण्य लागत नाही, इथं टाकलं की पाप.

अण्णा नारळ हातात घेऊन उभे. रिक्षावाल्याशी के. आर. पुरमपर्यंत भांडत जाणारा माणूस, पण तिथं भांडला नाही. चालकाला हळूच म्हणाला, "दिखाया तो चलेगा?"

चालकानं जरा विचार केला आणि मान डोलावली.

अण्णा काठावर मांडी घालून बसले. सपाट दगडावर त्यांनी खण पसरला, त्यावर नारळ, तांदूळ, हळकुंड, सुपारी. वाऱ्यानं खणाचं टोक उडत होतं, ते अंगठ्यानं दाबून धरलं आणि दुसरा हात कपाळाला लावला. समोर ते निळं पाणी, आणि पाण्यात आख्खा बर्फाचा डोंगर उलटा.

"केवढं आहे रे हे," अण्णा म्हणाले.

मी पुढच्या 'स्वल्प'ची वाट बघत राहिलो. तो आलाच नाही. मग त्यांनी सगळं परत पिशवीत भरलं. तांदळाचा एक दाणाही दगडावर ठेवला नाही.

बेंगळुरूला पोचल्यावर त्यांची बॅग मीच घरापर्यंत आणली. इंदूअक्का दारातच उभ्या होत्या. कसं होतं, एवढंच त्यांनी विचारलं.

"काय नाही गं. स्वल्प पाणी, स्वल्प बर्फ. आपल्या लालबागेचं तळं मोठं. तू नाही आलीस तेच सरी, बरंच झालं. विचार याला."

ती संध्याकाळची टकळी कशासाठी होती, ते तेव्हा माझ्या डोक्यात शिरलं. आयुष्यभर मी मांजराचे वाघ केले. त्या दिवशी पहिल्यांदा वाघाचं मांजर केलं. म्हटलं, "हो अक्का, लालबागेपेक्षा लहानच."

अण्णांनी पिशवी पुढं केली. "तुझ्या माहेरवाशिणीनं ओटी परत पाठवलीय. म्हणाली, मला पोचली, आता जिला यायचं होतं तिची भर."

अक्कांनी हसत पदर पसरला. सरोजअक्का बघत असत्या तर चक्कर येऊन पडल्या असत्या. अण्णांनी एकेक वस्तू पदरात घातली. अक्कांनी रीतीप्रमाणे ओटीतले चार दाणे उचलले, त्यांच्या तळहातावर परत ठेवले आणि त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"डोळ्यांना काय झालं?"

"तिकडं वारं होतं," अण्णा मूठ मिटत म्हणाले. "स्वल्प."