आबांच्या गाडीचा पंचनामा

आजवर बायकोलाही न सांगितलेली गोष्ट आधी सांगून टाकतो. उत्तमआबांच्या गाडीची वायर मी कापली. नेलकटरने. आणि त्यानंतर त्या गाडीच्या बिघाडाचे जेवढे पंचनामे झाले, त्या सगळ्यांत पंच क्रमांक एक मीच होतो.

गाडी म्हणजे खेळण्यातली. पण खेळणं म्हटलं की आबांना राग यायचा. "खेळनं नही शे सर, इंजिन शे!" हे खरंच. हातभर लांबीची ती गाडी दोरी ओढून सुरू व्हायची, बाटलीतलं खास इंधन प्यायची आणि डासांच्या धुरळणीचं यंत्र अंगणात आणल्यासारखी किंचाळायची. मागे जळक्या एरंडेलाचा वास रेंगाळायचा. आबांच्या मुलाने, हेमंतने, कॉलेजात असताना ती कुणाकडून तरी जुनी घेतली होती. रिमोटही जुन्या पद्धतीचा, दांडी ताणून लांब करायचा. पुढे हेमंत सुरतेला नोकरीला गेला, तिकडेच रमला. आबांची पत्नी गेली. घरात उरले आबा आणि गाडी.

आबा निवृत्त तलाठी. बोलायचे अहिराणी, पण काही बिघडलं की जिभेवर कचेरी चढायची. नळ गळाला तरी म्हणायचे, "समक्ष पाहणी केली असता सदर तोटीतून पाणी टपकत असल्याचे दिसून आले." आणि मग त्यांचं ठरलेलं वाक्य: "आधी पंचनामा, मंग दुरुस्ती." पंचनाम्याला पंच दोन लागतात. एक शेजारी म्हणून मी. दुसरा कुणी सापडला नाही तर समोरची बाभूळ.

आमची कॉलनी नंदुरबारच्या टोकाला. पलीकडे मोकळं रान आणि हंगामात मिरचीच्या पथारी. लालभडक मिरची वाळत पसरलेली. मधल्या पट्ट्यात आबा रविवारी दुपारी गाडी पळवायचे. नेमकी माझ्या झोपेच्या वेळी. आठवडाभर शाळेत गणित शिकवणाऱ्या माणसाला रविवारची झोप म्हणजे काय, हे तलाठ्याला कळणार नाही.

तर एका रविवारी आबा म्हणाले, "सर, जरा धरा गाडी, मी बाटली लई येस." गाडी माझ्या हातात. तिच्या टपावर एक बारीक नळी, नळीतून बाहेर लोंबणारी अँटेनाची वायर. माझ्या किल्ल्यांना नेलकटर. विचार असा केलाच नाही. टच्. वीतभर तुकडा खिशात टाकला. वाटलं, गाडी चालणार नाही, आबा घरी जातील, मी झोपेन.

पण गाडी चालली. जवळ असेपर्यंत गुणी बाळासारखी चालली. लांब गेल्यावर मात्र पुढची चाकं थरथरली, गाडी आपल्या मनाने वळली आणि सुसाट मिरचीत घुसली. लाल धुरळा उडाला. अख्खी पथार शिंकायला लागली. मिरच्या खुडणारी एक बाई पदर नाकाला लावून ओरडली, "ओ आबा, तुम्हनी गाडीले दावं बांधा!" सगळ्याजणी हसल्या. आबा मान खाली घालून गाडीतल्या मिरच्या वेचत राहिले. मीही वेचू लागलो. डोळ्यांत पाणी आलं, ते मिरचीचं समजून आबांनी मला रुमाल दिला.

मग चौकशी सुरू झाली. पहिला संशय मोबाइल टॉवरवर. मग कॉलनीतल्या मिक्सरांवर. आबा दारोदार जाऊन सांगायचे, "ताई, तेवढं वाटन थांबाडा, गाडी चालनी शे." माझा इन्व्हर्टरही संशयित ठरला, तो बंद करून मी उकाड्यात बसलो, आणि मला ते योग्यच वाटलं.

इकडे हेमंत फोनवरून इलाज सांगू लागला. पूर्वी त्याचा फोन म्हणजे "जेवलात? बरं. ठेवतो." आता दर रविवारी तासतासभर. बॅटरी बदला, पप्पा. स्क्रू आवळा. लोखंडाला लोखंड घासतंय का बघा. इंजिन बंद ठेवून लांबून रिमोट फिरवून बघा. मी गाडी छातीशी धरून उभा, आबा रिमोट घेऊन मागे मागे चाललेले, खिशातला फोन स्पीकरवर.

"सर, फिरनं का चाक?"

"फिरलं!"

आणखी लांबून, "आते?"

"थरथरतंय, आबा!"

आबा खिशाकडे तोंड करून म्हणायचे, "दखं ना हेमंत, जवळ शे तं ऐकस, दूर गयी का ऐकस नही."

पलीकडून हेमंत न चुकता विचारायचा, "अँटेनाची वायर पूर्ण आहे ना?"

"पुरी शे. सरले इचार. पंच शेतस त्या."

आणि मी म्हणायचो, "पूर्ण आहे."

असं किती रविवार म्हणावं. शेवटी मला झोपच येईना, तीही शांत दुपारी. एके दिवशी शाळा सुटल्यावर आबांकडे गेलो. म्हटलं, "आबा, त्या वायरीचं..."

आबांनी हाताने थांबवलं. कपाट उघडून एक पुडी काढली. आत नवी कोरी अँटेनाची वायर. "पहिलाच आठवडाम्हा दिसनं मले. उंदीरनी कुरतडी."

"मग बसवली का नाही?"

"बसाडी तं गाडी चाली," आबा म्हणाले. "गाडी चाली तं पोरगा फोन कसाले करी?"

मी खाली पाहिलं. कोपऱ्यात एका वाटीत शेंगदाणे होते. "उंदीरसाठे," आबा म्हणाले. "भलं होवो तेन्हं. हेमंत म्हणस, फोनवर समजस नही, दिवाळीले येस, सोता दखस. तो येई तवय बसाडसूत."

मग त्यांनी ती वाटी उचलली आणि माझ्यापुढे सरकवली. "खा, सर."

त्यांना कळलं होतं की नव्हतं, आजही सांगता येत नाही. मी शेंगदाणे खाल्ले. किल्ल्या खिशातच ठेवल्या.

काल रविवार होता. हेमंतने विचारलं, मी म्हणालो, "पूर्ण आहे." दिवाळी अजून लांब आहे. तो आला, टप उघडला, की पंचांना पुन्हा बोलावणं येईलच. तोवर मी उत्तमआबांना वीतभर वायर आणि पंच म्हणून एक खरा जबाब देणं लागतो.