टोंबा गामो

डब्याचं झाकण ओट्यावरून निसटलं आणि फरशीवर उभ्याउभ्या फिरत राहिलं. घरात इतकी शांतता होती, की तो खणखणाट थेट आतल्या खोलीपर्यंत गेला. तिनं झाकण दाबायला पाय पुढे केला, तर ते पायाला लागून आणखी जोरात घरंगळलं.

"आई, काय पडलं?"

"काही नाही पडलं. झोप तू."

"मग वाजलं काय?"

झालं. भुंगी उठली. साडेचार वर्षांची पोर, पण दिवसभर कानाशी अखंड गुणगुण चालू, म्हणून घरात तिचं नावच भुंगी पडलं होतं. ती उठायच्या आधीचा पाऊण तास तेवढा आईचा स्वतःचा असायचा, आणि आज त्या पाऊण तासात तिला पाठाची शेवटची उजळणी करायची होती.

ती शिक्षकांना शिकवायची. शाळा इंग्रजी, पण वर्गातल्या निम्म्या मुलांच्या घरात इंग्रजीचा वारासुद्धा फिरकलेला नाही. अशा मुलांना कसं शिकवायचं, हे शिक्षकांना शिकवणं तिचं काम. प्रशिक्षण केंद्रात तिला अकरा महिने झाले होते आणि आज मोठ्या मॅडम तिचा पाठ बघायला येणार होत्या. पाठ बघून ठरणार होतं, की बाईंना इथंच ठेवायचं की लांबच्या केंद्रावर पाठवायचं. लांबचं केंद्र म्हणजे सहा तासांचा प्रवास आणि घरी यायचं ते फक्त सुट्टीच्या दिवशी. भुंगीला तिनं यातलं काहीच सांगितलं नव्हतं. नवऱ्याला सांगितलं, तेव्हा तो पहाटेच्या पाळीला निघता निघता "बघू" एवढंच म्हणाला होता. हा शब्द त्यानं लग्नापासून फक्त मोठ्या संकटांसाठी राखून ठेवला होता.

पाठाची युक्ती तशी सोपी होती. शिक्षकांना अर्धा तास अशा भाषेत शिकवायचं, जी त्यांच्यातल्या एकालाही येत नाही. वर्गात बसून काहीच न कळणं म्हणजे काय, हे सांगून समजत नाही, भोगूनच समजतं. भाषा मिळाली होती शेजारच्या आजींकडून. त्या दूरच्या मुलखातून लेकाकडे राहायला आलेल्या, आणि त्यांची भाषा त्यांच्या घराबाहेर कुणालाही येत नव्हती. रोज सकाळी भुंगीला त्याच सांभाळायच्या. आज आजी पाठ घेणार आणि भुंगीला घेऊनच येणार, असं पक्कं ठरलं होतं.

झाकण डब्यावर बसतंय न बसतंय तोच फोन वाजला. आजींची सून होती.

"अहो, घोटाळा झालाय. सासूबाईंची काल दाढ काढली. सकाळी उठल्या तर गाल हा एवढा!"

"अगं बाई! पण बोलता येतंय ना थोडं?"

"बोलतायत की. घ्या, तुम्हीच ऐका."

फोनमधून आवाज आला, "ऊं... व्वूं... ऊंव."

"काय म्हणाल्या?"

"आता मलाही कळत नाही हो," सून म्हणाली. "पण चेहऱ्यावरून तरी माफी मागतायत असं वाटतंय."

अशा रीतीनं एका दाढेपायी भाषाही गेली आणि पोरीला सांभाळणारं माणूसही गेलं. पंधराव्या मिनिटाला ती बसमध्ये होती. एका खांद्याला पिशवी, दुसऱ्या हातात भुंगी, भुंगीच्या हातात कापडी हत्ती. हत्तीला वेगळी जागा हवी, यावरून कंडक्टरशी वाद झाला तो निराळाच. बसमध्ये तिनं ओळखीच्या सहा जणांना फोन केले. "तुला एखादी कुणालाच न येणारी भाषा येते का?" या प्रश्नावर चौघांनी "बरी आहेस ना?" असं विचारलं आणि दोघांनी फोनच ठेवला.

शेजारी भुंगीचं हत्तीशी बोलणं चालू होतं. आजींची भाषा ऐकून ऐकून तिनं स्वतःची एक भाषा तयार केली होती, आणि ती आंघोळीत, जेवताना, रुसल्यावर सारखी चालायची. घरात तिकडे कुणी लक्ष देत नसे.

"टोंबा गामो," भुंगी हत्तीला म्हणाली.

आईनं फोन खाली ठेवला. "काय म्हणालीस गं?"

"बाटली दे म्हटलं."

"टोंबा म्हणजे बाटली?"

"हो."

"नेहमी टोंबाच?"

भुंगीनं आईकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "मग? तू काय बाटलीला रोज वेगवेगळं म्हणतेस?"

केंद्राचा थांबा येईपर्यंत आईनं तिकिटाच्या मागं चौदा शब्द लिहून घेतले होते. बुडत्यानं काडीचा रंग बघत बसायचं नसतं.

सभागृहात तीस शिक्षक बसले होते. पुढच्याच खुर्चीत गणिताचे सर, दुसरा चहा संपवत.

"बाई, राग मानू नका," ते म्हणाले, "पण या सगळ्या नाटकाची गरज काय? माझ्या वर्गात एकच नियम. बाहेर जायचंय? उभं राहा, पूर्ण इंग्रजी वाक्य बोला, जा. वाक्य नाही तर जाणं नाही. पोरं झक मारत शिकतात."

"शिकली का?"

"शिकतील हो! सध्या बसून राहतात."

तेवढ्यात मोठ्या मॅडम आल्या. मागच्या रांगेत बसल्या, डायरी उघडली, घड्याळ पाहिलं. आईनं भुंगीला कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसवलं आणि तिच्या कानात सांगितलं, "इथून हलायचं नाही." मग तिनं शिक्षकांना नियम सांगितला, "आता घंटा होईपर्यंत दुसऱ्या कुठल्याही भाषेत एक शब्दही नाही. काही हवं असेल तर याच भाषेत मागायचं."

सुरुवात झकास झाली. तिनं बाटली उचलली, "टोंबा." तीस जण म्हणाले, "टोंबा." हात पुढे करून, "टोंबा गामो." बाटली या रांगेतून त्या रांगेत फिरू लागली. मग तिनं पिशवीतून भुंगीचा मोजा काढला, हातात चढवून दाखवला आणि म्हणाली, "पिलूक."

"क्का!" कोपऱ्यातून आवाज आला.

सगळ्यांनी माना वळवल्या. भुंगी खुर्चीवरून उतरून तरातरा पुढे आली. तिनं आईच्या हातातला मोजा ओढून काढला, स्वतःच्या पायात घातला. "पिलूक." मग तो काढून हातात घातला. "पिलूमा." आणि आईकडे बघून मान हलवली, "क्का."

सभागृहात "ओहो" असा एक सुस्कारा उठला. तीस पेनं एकदम चालू लागली. भाषेच्या बाईंनी तर वहीत उभी रेघ मारून चक्क दोन रकाने पाडले. आईच्या तिकिटावर पिलूमा नव्हता.

त्यानंतर पाठ तिच्या हातात राहिलाच नाही. भुंगीनं टोपी, चमचा, हत्तीची सोंड, खिडकी एकापाठोपाठ एक उरकलं. जो चुकेल त्याला "क्का", जो बरोबर सांगेल त्याच्या डोक्यावर थोपटणं. पीटीच्या सरांना तीनदा थोपटणं मिळालं, तेव्हा ते शेजारच्यांकडे असे बघायला लागले जसं काही पदक गळ्यात पडलंय. मोठ्या मॅडमही ओठातल्या ओठात शब्द घोकत होत्या.

फक्त गणिताचे सर गप्प होते. विसाव्या मिनिटाला ते हळूच उठले आणि दाराकडे सरकले.

"क्का!" पीटीचे सर गरजले. नियम म्हणजे नियम.

गणिताच्या सरांनी करंगळी दाखवावी की नाही, असा विचार केला. मागं मॅडम होत्या. करंगळी मुडपली गेली. ते आठवून आठवून म्हणाले, "टोंबा..."

लगेच कुणीतरी त्यांच्या हातात पाण्याची बाटली दिली.

"क्का, क्का!" सर हात झटकत म्हणाले. दुसरा एकच शब्द आठवत होता. "गामो! गामो!"

दुसरी बाटली आली. मग तिसरी. एका उत्साही बाईंनी तर झाकण उघडून पाणी खळखळ पेल्यात ओतलं. त्या खळखळाटानं सरांनी डोळे घट्ट मिटून घेतले. सगळा वर्ग हसत होता. आईनं पुढं व्हायला पाऊल उचललं, पण आता आपल्याच तोंडानं नियम मोडावा तर मागं मॅडमची डायरी उघडी. तिचा पाय तिथंच अडला.

भुंगी सरांसमोर जाऊन उभी राहिली. तिनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. एकमेकांना घट्ट चिकटलेल्या त्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"शुपी?" तिनं हळूच विचारलं.

हा शब्द कुणी शिकवला नव्हता, पण सरांनी इतक्या जोरात मान डोलावली की चष्मा नाकावर आला. भुंगीनं त्यांचं बोट धरलं आणि त्यांना दाराबाहेर घेऊन गेली.

दोघं परतली तेव्हा घंटा होऊन गेली होती. सगळे एकदम बोलत होते. कुणी पाठीवर थाप मारत म्हणालं, "काय सर, वाक्य नाही आलं का?" सर बसले नाहीत. उभेच राहिले.

"माझ्या वर्गात एक मुलगी आहे," ते म्हणाले. "मागच्या बाकावर. शेवटच्या तासाला रोज अशीच बसते, गुडघे जुळवून. दोन महिने झाले. मला वाटायचं, किती शिस्तीची पोर आहे."

पीटीचे सर उगाच बाटल्यांची झाकणं लावू लागले.

मोठ्या मॅडम पुढं आल्या. "इतका चांगला पाठ मी बऱ्याच दिवसांत पाहिला नाही. कुठली हो ही भाषा?"

"डोंगरापलीकडची असणार," पीटीचे सर म्हणाले. "माझ्या आतेभावाच्या सासरी थोडी अशीच बोलतात."

"छे, बेटांवरची आहे," भाषेच्या बाई म्हणाल्या. "हाताला वेगळं, पायाला वेगळं. फार जुनी भाषा असली पाहिजे."

"अहवालात नाव लागेल," मॅडम म्हणाल्या. "शिवाय सगळ्या केंद्रांवर हा पाठ सुरू करायचा तर एखादा शब्दकोश मागवून घेऊ."

शब्दकोश म्हटल्यावर आईचा धीर सुटला. लांबच्या केंद्राची बस डोळ्यांसमोर सुटताना दिसली, पण तिनं सांगून टाकलं. "मॅडम, शब्दकोश नाही मिळायचा. ही भाषाच नाही. माझ्या मुलीनं हत्तीशी बोलायला बनवलीय."

मॅडमनी डायरी वर धरली. पानभर शब्द होते, खाली दोनदा अधोरेखित. "म्हणजे हे सतरा शब्द मी..."

"हो."

"जगात ही भाषा बोलणारं माणूस एकच?"

"एकच."

"आता एकतीस वाढली, तुमच्यासकट," गणिताचे सर म्हणाले. "आणि खरं सांगू मॅडम? आयुष्यात मला एवढ्या निकडीनं कुठलीच भाषा कळली नव्हती."

मॅडमनी डायरी मिटली, पुन्हा उघडली. ओठाचा एक कोपरा हलला. "तुम्हाला लांबच्या केंद्रावर पाठवून काय उपयोग? ही भाषा शिकवणारं एकमेव माणूस तर इथं आहे. राहा इथंच. दर महिन्याला एक पाठ. फक्त नवे शब्द बनवा, जुने आता सगळ्यांना येतात. अहवालात मी 'स्थानिक भाषा' असं लिहिते. खोटं नाही ते."

निघताना दारात तीस जणांनी भुंगीला "टोंबा!" "पिलूमा!" म्हणत हात हलवले. भुंगीनं एकाला उत्तर दिलं नाही. थांब्यावर बसची वाट बघताना आईचे पाय जमिनीवर ठरत नव्हते. तिनं भुंगीला उचलून घेतलं, गालाला गाल घासला.

"भुंगे, आईला कुठ्ठं जावं लागणार नाही आता. सगळं तुझ्या बोलण्यामुळं झालं, कळलं का? आणि बघ, सगळ्यांना तुझी भाषा आली! मलासुद्धा आली."

भुंगीनं हत्तीची सोंड बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

"आई," ती शेवटी म्हणाली, "तू कामाला जातेस ना, तेव्हा मी तुला माझ्या भाषेतच रागवायचे. तुला काही कळायचंच नाही, मग तू रडायची पण नाहीस."

"हो का गं?"

"आता तुला सगळं कळणार." भुंगीनं आईच्या गळ्याभोवती हात घातले आणि अगदी मनापासून विचारलं, "मग आता मी तुला कशात रागवू?"