फळीवरचे सात ठिपके

कारकुनाने चार दिवसांची रजा टाकली आणि गुरुवारी सकाळी सासऱ्यांची होडी रंगवायला घेतली. खरं तर त्याला बायकोचं सांत्वन करायचं होतं. ते आठ महिन्यांत जमलं नव्हतं, म्हणून ब्रश.

सासरे गेल्यापासून त्यांनी स्वतः बांधलेली ती होडी घरामागच्या शेडमध्ये पडून होती. बायको तिकडे एकदाही फिरकली नव्हती. चहा घ्यायची तोसुद्धा शेडकडे पाठ करून. घरातलं हसणं आटलं होतं, आणि कारकुनाला त्या शांततेची भीती वाटू लागली होती. तिने एकदा तरी बापाच्या होडीत बसावं, एवढंच त्याचं मागणं होतं. बाहेरचा रंग पार उडालेला. आतली बसायची फळी मात्र झकास. तिला सासरे दरवर्षी वॉर्निशचे तीन हात देत. (जावयाला त्या फळीवर चप्पल काढून बसावं लागे.)

सोमवारी रंगाच्या दुकानदाराने बजावलं होतं, "साहेब, फळीला आधी टेप लावा, वर कापड टाका. ब्रश अर्धाच बुडवा. ठिपका पडलाच तर लगेच टिपून घ्या. वाळला तर प्लास्टिकच्या कार्डाने हळूच खरवडा. पण वॉर्निशला थिनर..."

"माहितीय हो," म्हणत कारकुनाने डबा आणि थिनरची बाटली उचलली होती.

बावीस वर्षं फायलींवर सरळ रेषेत लेबलं चिकटवलेल्या हाताला टेप कशाला? फळीवर पहिला पांढरा ठिपका पडला तेव्हा त्याला तो किडा वाटला. त्याने हात उडवून हाकलला. त्या हातात ब्रश होता. आणखी सहा पडले.

लगेच टिपायचं सोडून तो कपाळाला हात लावून बसला (कपाळही पांढरं झालं). तोवर ठिपके वाळले. मग त्याने थिनर ओतला. ठिपके गेले, आणि त्यांच्याबरोबर सासऱ्यांचं वॉर्निशही डिंकासारखं मऊ झालं. आता वर धूळ बसू नये म्हणून त्याने टेबलावरचा त्या दिवशीचा पेपर आणून पसरला आणि ऑफिसच्या सवयीने तळहाताने छान दाबून बसवला.

दुसऱ्या दिवशी पेपर निघेना. कडा फाटून हातात आल्या. मधला भाग फळीला घट्ट.

"अहो, कालचा पेपर कुठाय?" स्वयंपाकघरातून आवाज आला.

"वाचतोय!"

"शेडमध्ये?"

उत्तर द्यायला तोंड उघडलं, तेवढ्यात त्याची नजर फळीवरच्या छोट्या जाहिरातींवर गेली. त्यातल्या एकीतला पत्ता त्याच्याच घराचा होता. 'लाकडी होडी विकणे आहे. वडिलांनी बांधलेली. वॉर्निश उत्तम. त्वरा करावी, पतीने रंग आणला आहे.'

त्याने ती तीनदा वाचली. तिसऱ्यांदा अक्षरं अंधुक दिसली.

एवढ्यात शेडच्या दारात एक मिशीवाले गृहस्थ येऊन उभे राहिले. "जाहिरात वाचून आलो. मला उशीर तर नाही ना झाला?" मग त्यांनी फळी पाहिली, कारकुनाचं कपाळ पाहिलं. "झाला," असं स्वतःच म्हणून ते निघून गेले.

त्यांच्या मागे बायको उभी होती.

"तुला बरं वाटेल म्हणून केलं गं," तो म्हणाला.

"माहितीय. म्हणूनच जाहिरात दिली." तिने होडीवरून नजर काढून घेतली. "मला ती बघवत नाही हो. पण बाबांनी ठेवली तशीच कुणाच्या तरी हाती जावी, असं वाटत होतं."

त्याला शरमेने मान वर करवेना. तिने त्याच्या खिशातून ऑफिसचं प्लास्टिकचं ओळखपत्र काढलं, होडीत चढली आणि फळीच्या कोरड्या टोकाला बसून कागद हळूहळू खरवडू लागली. डोळे गळत होते. हात मात्र अगदी सासऱ्यांचा.

ती होडीत बसली होती! कारकुनाचा ऊर भरून आला. तो घाईने आत चढला आणि तिच्याशेजारी टेकणार, तोच होडी कलली.

"अहो, आत्ता बाबा असते तर काय म्हणाले असते?"

"काय गं?" त्याने आशेने विचारलं.

"उतरा म्हणाले असते."

तो उतरला.